झाडं मोजून पोट कसं भरतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी उष्णकटिबंधीय जंगलांच्या इकॉलॉजीचा, म्हणजे तिथली झाडं, प्राणी आणि हवामान यांच्या नात्यांचा, अभ्यास करते. त्यावर कॉलेजात बोलायला गेलं की भाषण संपल्यावर सभागृहात कुणी तोंड उघडत नाही. खरे प्रश्न नंतर येतात, चहाच्या टेबलापाशी, हातात वडा धरून. मुलांचे प्रश्न छोटे असतात आणि आईवडिलांचे लांब. सोसायटीतल्या मंडळींचे प्रश्न लिफ्टमध्ये सुरू होतात आणि चौथ्या मजल्यापर्यंत संपवावे लागतात. वीसेक वर्षं तीच उत्तरं देते आहे, म्हणून एकदा बसून लिहून काढली.

म्हणजे तुम्ही फॉरेस्टमध्ये आहात का?

नाही. पुण्यात ‘फॉरेस्टमध्ये’ म्हणजे वनखात्यात. वनरक्षक, वनपाल, वनक्षेत्रपाल ही माणसं जंगल राखतात, आणि मला आत जायचं तर त्यांच्याकडेच अर्ज करावा लागतो. अभयारण्य असेल तर कागद नागपूरच्या मुख्यालयापर्यंत जाऊन येतो. तेवढ्यात एखादा बहर हुकतो.

माझं काम जंगल समजून घेण्याचं आहे. कुठलं झाड कुठं उगवतं, कोण त्याची फळं खातं, बी कुठं पडतं, रोपटं किती वर्षं तग धरतं, मोठं झाड मरतं तेव्हा त्याच्या जागी कोण येतं. वनस्पतिशास्त्रज्ञ विचारतो, हे झाड कोणतं? इकॉलॉजीवाला विचारतो, हे इथंच का, आणि शेजारच्या ओढ्यापलीकडे का नाही? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर दुसरा विचारता येत नाही, म्हणून नव्या विद्यार्थ्यांचं पहिलं वर्ष पानं ओळखण्यात जातं.

उष्णकटिबंधीय जंगल म्हणजे ॲमेझॉन ना? मग पुण्यात काय करता?

पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. कर्कवृत्त साडेतेवीसवर. हिशेब तुम्हीच करा. ताम्हिणी, भीमाशंकर, महाबळेश्वर इथलं जंगल उष्णकटिबंधीयच आहे, फक्त ते चित्रातल्यासारखं दिसत नाही.

पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. चांदणी चौकातून पश्चिमेला निघालात की पौड, मुळशी, ताम्हिणी असं दोन तासांच्या आत तो कित्येक पट वाढतो. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर जातो. मग लोक विचारतात, एवढा पाऊस, तरी केरळासारखी उंचच उंच झाडं का नाहीत? कारण झाडाला किती पाऊस पडला यापेक्षा किती महिने पडला नाही हे जास्त भोगावं लागतं. दक्षिण केरळात कोरडे महिने दोन-तीन. आपल्याकडे सगळं पाणी चार महिन्यांत कोसळतं आणि पुढचे सात-आठ महिने कोरडे. सह्याद्रीच्या बाजूनं दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना हा कोरडा काळ वाढत जातो आणि झाडांच्या जाती गळत जातात.

आपल्या घाटमाथ्यावर उरतात ती अंजनी, जांभूळ, पिसा. फार उंच नाहीत, वाऱ्यानं खुरटलेली, पण वर्षभर हिरवी. उन्हाळा तोंडावर आला की अंजनीच्या फांद्यांना निळ्या फुलांचे गुच्छ लगडतात. ते एकदा पाहिलंत की ॲमेझॉनचं नाव काढणार नाही.

आणि हे जंगल अस्पर्श वगैरे मुळीच नाही. ऐनाच्या झाडाला बुंध्यापासूनच चार-पाच खोडं फुटलेली दिसली की समजायचं, कधीतरी कुऱ्हाड चालली होती आणि खोडक्याला पुन्हा धुमारे आले. नाचणी-वरीसाठी उतार भाजले गेले, राबाला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, फांद्या तोडल्या गेल्या, शहरांच्या चुलींसाठी कोळसा पाडला गेला. मुळशीचं धरण झालं, त्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला, गावं पाण्याखाली गेली आणि माणसं वरच्या उतारांवर सरकली. आंबेगाव-जुन्नरच्या बाजूला हिरड्याची झाडं बांधाबांधावर टिकलीत, कारण बाळहिरडा, म्हणजे त्याची कोवळी वाळलेली फळं, विकून महादेव कोळी आदिवासींच्या घरांत रोख पैसा येतो. हा इतिहास वगळून इथलं एकही झाड समजत नाही.

दिवसभर नेमकं करता तरी काय?

मोजते.

जंगलाचा एक तुकडा आखून घ्यायचा. त्यातल्या ठरावीक जाडीच्या वरच्या प्रत्येक झाडाला ॲल्युमिनियमचा नंबराचा बिल्ला ठोकायचा. खिळा पूर्ण आत घालायचा नाही, झाडाला वाढायला जागा ठेवायची. छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर घ्यायचा, तिथं रंगाची रेघ ओढायची, वहीत लिहायचं आणि पुढच्या झाडाकडे जायचं. काही वर्षांनी परत येऊन त्याच रेघेवर तोच घेर पुन्हा घ्यायचा.

‘छातीची उंची’ म्हणजे कुणाची छाती, असं एका मुलानं विचारलं होतं. प्रश्न बावळट नाही. जगभरचे इकॉलॉजीवाले १.३० मीटर धरतात. आपल्या वनखात्याची जुनी पद्धत १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फूट. सात सेंटिमीटरचा फरक, पण जुन्या नोंदी आणि नव्या नोंदी जोडायला बसलात की हेच सात सेंटिमीटर डोकं उठवतात.

खोड कापून आतली गोल कडी मोजली तर वय कळेल ना, हाही नेहमीचा प्रश्न. थंड प्रदेशात कळतं. आपल्याकडे सागवानासारखी काही झाडं भरवशाची कडी पाडतात, पण बहुतेक सदाहरित झाडं पाडत नाहीत. म्हणून परत जाण्याला पर्याय नाही. सावलीत वाढणारं झाड एका वर्षात एक मिलिमीटरसुद्धा जाड होत नाही, आणि माझा टेप धरण्याचा हात त्याहून जास्त चुकतो. कधीकधी झाड पाच वर्षांत बारीक झालेलं निघतं! साल गळालेली असते, किंवा मे महिन्यात खोड पाणी कमी होऊन आक्रसलेलं असतं. विद्यार्थी घाबरून आकडा ‘सुधारतात’. तसं करायचं नाही. दिसलं ते लिहायचं.

या कामाचा मोठा नमुना म्हणजे पनामातलं बॅरो कोलोरॅडो बेट. स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी १९८० च्या सुमारास तिथं ५० हेक्टर जंगल आखलं आणि एक सेंटिमीटर व्यासाच्या वरचं प्रत्येक खोड मोजलं. दोन लाखांहून जास्त खोडं, तीनशेच्या आसपास जाती. दर पाच वर्षांनी पुन्हा मोजणी. आपल्याकडे १९८८ साली रामन सुकुमार यांच्या गटानं तमिळनाडूतल्या मुदुमलाईत असाच ५० हेक्टरचा तुकडा आखला. ते कोरडं जंगल, त्यामुळे तिथं झाडं का मेली या रकान्यात वणवा आणि हत्ती यांनाही जागा द्यावी लागते.

माझे तुकडे त्यांच्यापुढे चिमुकले. एका वर्षी गेलो तर खालच्या ओळीतले तीस-चाळीस बिल्ले गायब. वाडीतल्या पोरांनी काढून शेळ्यांच्या गळ्यात बांधले होते. रागावून उपयोग नव्हता, बिल्ले शोभत होते. मग पोरांनाच टेप धरायला शिकवलं. त्या शेळ्यांचे नंबर अजून माझ्या वहीत आहेत.

झाडं ओळखायला कुठं शिकलात?

थोडं पुस्तकात, बरंच एका मामांकडून. मामा म्हणजे वाडीतले महादेव कोळी गृहस्थ, आता सत्तरीचे. ते पानाकडे बघतच नाहीत, सालीवर कोयत्याचा हलका टवका काढतात, रंग आणि चीक बघतात, वास घेतात आणि सांगतात. कुंबळाचा पांढरा चीक त्यांनी मला दाखवला तेव्हा मी त्याच झाडाखाली अर्धा तास पानं उलटीपालटी करत बसले होते.

माझ्या पहिल्या शोधनिबंधात त्यांचं नाव नव्हतं. शेवटी ‘स्थानिक सहाय्यकांचे आभार’ अशी ओळ होती. त्यांना वाचता येत नव्हतं म्हणून त्यांना ते कळलं नाही. मला कळलं होतं. आता नाव असतं, लेखकांच्या यादीत.

एका जंगलात एवढ्या जाती कशा? एकच जोरकस झाड सगळ्यांना हरवत का नाही?

हा प्रश्न एखाद्या बारावीच्या मुलानं विचारला की माझा दिवस सार्थकी लागतो, कारण या शास्त्राचा गाभा तोच आहे.

जांभळाखाली जून संपताना जाऊन बघा. बियांचा सडा असतो, आठवड्यात रोपांचा गालिचा होतो. पुढच्या जूनला त्यातली मोजकी उरतात. गेली कुठं? डॅनियल जॅन्झेन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, याचं एक उत्तर मांडलं. प्रत्येक जातीच्या मागे तिचे खास शत्रू लागलेले असतात: बिया पोखरणारे किडे, पानं खाणाऱ्या अळ्या, मुळं कुजवणाऱ्या बुरश्या. मोठ्या झाडाभोवती हे शत्रू आधीच ठाण मांडून बसलेले असतात. म्हणून आईच्या पायाशी पडलेली बी बहुधा मरते आणि लांब गेलेली जगते. आईजवळची जागा दुसऱ्या जातीला मोकळी होते. सगळ्यांच्या बाबतीत हेच होत राहिलं की कुठलीच जात सगळं जंगल व्यापू शकत नाही.

बी लांब नेणार कोण? धनेश, उदमांजर, वटवाघूळ, बुलबुल, हारीत. म्हणजे ज्या जंगलात झाडं जागेवर आहेत पण फळं खाणारे संपलेत, ते आज हिरवं दिसेल आणि पुढच्या शंभर वर्षांत गुपचूप बदलेल. फोटोत हे दिसत नाही, वहीत दिसतं.

वाद मिटलाय असं समजू नका. ज्या हबेलनी पनामाचं जंगल मोजलं त्यांनीच २००१ मध्ये वेगळा विचार पुढे केला: झाडांच्या जाती जवळपास सारख्याच ताकदीच्या असतात, आणि कोण टिकतं हा बराचसा नशिबाचा खेळ असतो. मला स्वतःला नशिबाचा वाटा मोठा वाटतो, पण सगळा नाही. माझे विद्यार्थी यावर माझ्याशी भांडतात, आणि भांडावंच.

बारावीनंतर काय करायचं?

बीएस्सी. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा सरळ जीवशास्त्र, काहीही चालेल. पुण्यात फर्ग्युसन, गरवारेतला जैवविविधता विभाग, विद्यापीठाचे विभाग, भारती विद्यापीठाची पर्यावरण संस्था, पाषाणची आयसर ही विज्ञान संस्था असे बरेच दरवाजे आहेत. एमएस्सीला बाहेर जायचं तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतला वन्यजीवशास्त्राचा अभ्यासक्रम. पीएचडीला त्याच बंगळुरूचं भारतीय विज्ञान संस्थेतलं परिसंस्था विज्ञान केंद्र, जे १९८३ मध्ये माधव गाडगीळ यांनी उभं केलं, किंवा तिथलीच अट्री ही पर्यावरण संशोधन संस्था. प्रवेशाच्या अटी बदलत असतात, त्या त्या वर्षी संस्थेच्या संकेतस्थळावर बघा, माझ्यावर विसंबू नका.

पण कॉलेज ठरवण्याआधी एक करा. घराजवळचं एक झाड निवडा आणि वर्षभर दर रविवारी त्याची नोंद ठेवा. पालवी कधी, कळी कधी, फूल कधी, कोण आलं, कोण काय खाऊन गेलं. सहाव्या आठवड्याला कंटाळा येईल. बावन्न आठवडे पूर्ण करणारी मुलं फार थोडी भेटतात, आणि मी त्यांना मार्क विचारत नाही.

गणित नको म्हणून बायोलॉजी घेतली. चालेल ना?

नाही चालणार. संख्याशास्त्र आणि ‘आर’ ही संगणकाची भाषा यांच्याशिवाय आता पान हलत नाही. जंगलात महिन्याचे दहा दिवस असतात, उरलेले वीस खुर्चीत.

पैसे मिळतात का?

मिळतात, उशिरा. सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा देऊन कनिष्ठ संशोधक झालात तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता. दोन वर्षांनी वरिष्ठ झालात की ४२,०००. छात्रवृत्ती काही वेळा महिनोन्‌महिने थकते, त्यामुळे गाठीला थोडं असू द्या. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. नंतर प्राध्यापकी मिळाली तर चांगलं, पण जागा मोजक्या. बाकीचे स्वयंसेवी संस्थांत, वनखात्याच्या प्रकल्पांवर, किंवा पर्यावरणीय परिणाम अहवाल लिहिणाऱ्या कंपन्यांत जातात. तिथं पगार बरा असतो. अट एकच: पंधरा दिवसांत, तेही उन्हाळ्यात, एखाद्या डोंगराची ‘संपूर्ण’ वनस्पतिसूची द्या, असं कुणी म्हणालं तर सही करू नका. पावसाळा न पाहता सह्याद्रीची सूची होत नाही.

भाचीला हेच करायचंय. लग्नाचं कसं व्हायचं?

मुलाला महिन्यातले दहा दिवस स्वतःचा स्वयंपाक करता यायला हवा. बाकी पत्रिका बघा.

बाईमाणसानं जंगलात राहायचं म्हणजे कठीण नाही का?

जंगल कठीण नाही. शाळेच्या पडवीत झोपणं, संडास नसणं, पाळीच्या दिवसांत घाट उतरणं, आणि ‘एकट्याच आलात? मिस्टर कुठं आहेत?’ हे दर नव्या गावात ऐकणं, हे कठीण आहे. वाडीतल्या बायकांशी ओळख झाली की अर्धा त्रास संपतो. त्या राहायला जागा देतात, आंघोळीला पाणी तापवतात आणि कुणाच्या जीपमध्ये बसायचं नाही तेही सांगतात.

बिबट्याची, सापांची भीती वाटत नाही?

बिबट्या इतक्या वर्षांत दोनदा दिसला, दोन्ही वेळा तोच घाईत होता. साप दिसतात, आपण पाय कुठं ठेवतो ते बघायचं. आग्या मोहोळाला मात्र मी खरोखर भिते. त्याच्या खाली बोलायचं नाही, अत्तर-सेंट लावून जायचं नाही. खाजकुइलीच्या शेंगांची लव मानेत गेली की तो दिवस कामाचा राहत नाही. आणि घाटातलं धुकं आणि ट्रक.

गोचिडींना हलकं समजू नका. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली, पाठोपाठ माणसं आजारी पडली. हा विषाणू गोचिडीतून येतो हे ज्यांनी शोधलं ती संस्था आपल्या पुण्यातली, तेव्हाचं विषाणू संशोधन केंद्र, आताची एनआयव्ही. हाच माकडताप गेल्या दशकात सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे पोचला. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, आरोग्य केंद्राला कळवायचं. संध्याकाळी कपडे गरम पाण्यात टाकून अंग तपासायचं.

झाडांवर चढता का?

मी नाही, गुडघे नाहीत. पण शेंड्यांवरचं जग वेगळं असतं हे खरं. नलिनी नाडकर्णी, वडील भारतीय, वाढल्या अमेरिकेत, दोर लावून झाडांवर चढून संशोधन करतात. उंचावरच्या फांद्यांवर शेवाळ्याखाली माती साचते आणि झाड आपल्याच फांदीतून त्या मातीत मुळं सोडतं, हे त्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं. २०१५ मध्ये त्या अशाच एका झाडावरून सुमारे पन्नास फूट खाली पडल्या, हाडं मोडली, आणि बऱ्या होऊन पुन्हा कामाला लागल्या.

पुण्यात हे कुणी सुरू केलं?

एकाचं नाव घेता येणार नाही. थिओडोर कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेचे, प्राचार्य. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९०१ ते १९०८ दरम्यान निघाला, आणि अजून माझ्या टेबलावर आहे. शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली, तिच्या संशोधन संस्थेला आता त्यांचंच नाव आहे. तिथले वा. द. वर्तक आणि हार्वर्डहून परतलेले पुण्याचेच माधव गाडगीळ सत्तरच्या दशकात गावोगाव देवराया बघत हिंडले. देवाच्या नावानं राखलेल्या या तुकड्यांत आसपास कुठंच न उरलेली झाडं आणि वेली टिकून होत्या. त्यांचे निबंध १९७५-७६ मध्ये छापून आले आणि देवराई हा शब्द शास्त्राच्या कागदांवर आला. पुढे गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०११ मध्ये पश्चिम घाट कसा जपावा याचा अहवाल दिला, २०१३ मध्ये कस्तुरीरंगन गटानं त्यातला बराच भाग सौम्य केला, आणि तेव्हापासून अधिसूचनेच्या मसुद्यांवर मसुदे निघताहेत.

कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय आहे. तिथल्या कपाटांत वाळवून चिकटवलेली पानं बघितली की कुठलं झाड कुठून नाहीसं झालं ते कळतं. पुण्यात राहून तिथं एकदाही न गेलेले इकॉलॉजीचे विद्यार्थी मला माहीत आहेत. नावं घेत नाही.

आमच्या सोसायटीला टेकडीवर झाडं लावायची आहेत. कोणती लावू?

आधी जून ते ऑक्टोबर नुसतं बघा. पुण्याच्या टेकड्यांचं मूळ रूप म्हणजे गवत आणि मधूनमधून झाडं. त्या गवतात पावसाळी फुलं असतात, चंडोल जमिनीवर घरटी करतो. हिरवं दिसावं म्हणून पूर्वी तिथं गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, लावलं गेलं, ते भराभर वाढलं, आणि आता त्याच्या दाट सावलीत गवताला ऊन मिळत नाही. खड्डे घेण्याआधी खड्ड्याच्या जागी काय आहे ते तपासा. वड-पिंपळ सोसायटीच्या रस्त्याकडेला लावा, तिथं सावली हवीच आहे. मात्र ड्रेनेजपासून लांब.

आम्हाला एकदा बरोबर न्याल का?

हो. पुन्हा मोजणीच्या वर्षी टेप धरायला आणि नंबर लिहायला माणसं कायम कमी पडतात. पहाटे साडेपाचला चांदणी चौकात, पौड रस्त्याच्या बाजूला. पूर्ण बाह्या, पायमोजे पँटवर चढवलेले, पेन्सिल आणा कारण पेन भिजतं. भाकरी-पिठलं मामांकडे असतं, त्याचे पैसे त्यांच्या हातात द्यायचे, माझ्या नाही. बिल्ला सापडला नाही तर ‘बहुतेक हेच असेल’ असं म्हणायचं नाही, मला हाक मारायची. परतीला पौडला चहा होतो. किती वाजता, ते शेवटच्या झाडावर अवलंबून.